तीन पाळ्यांच्या गावातील दिवाण

घराचे क्षेत्रफळ चौरस फुटांत मोजले जाते आणि त्या घरात किती माणसे राहतात याची नोंद जनगणनेत होते. परंतु त्या क्षेत्रफळाचा कोणता तुकडा दिवसाच्या कोणत्या प्रहरी कोणाच्या वाट्याला येतो, याचा हिशेब केवळ त्या घरातील माणसेच ठेवतात. पिंपरी, चिंचवड, भोसरी, तळवडे आणि पुढे चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात हा हिशेब कारखान्याच्या पाळीप्रमाणे दर आठवड्याला बदलतो. म्हणूनच बहुउपयोगी फर्निचरची, म्हणजे एकाच वस्तूने बसणे, झोपणे, साठवणे आणि लिहिणे यांपैकी दोन-तीन कामे भागवावीत या हेतूने केलेल्या लाकडी-लोखंडी सामानाची, या पट्ट्याइतकी कठीण परीक्षा क्वचितच कुठे होत असेल. जाहिरातींमध्ये अशा फर्निचरचे वर्णन जागा वाचवणारे असे केले जाते आणि ते खोटे नाही. मात्र ज्या घरात एक माणूस रात्री अकराला झोपतो, दुसरा सकाळी आठला झोपतो आणि तिसऱ्याला दुपारी दोन वाजता अभ्यास करायचा असतो, तिथे अडचण जागेइतकीच वेळेचीही असते, आणि मिटणारा पलंग किंवा उघडणारे टेबल ही वेळेची अडचण सोडवते की वाढवते, हे पाहिल्याशिवाय त्या वस्तूची किंमत ठरवता येत नाही.

दहा बाय दहा

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, तेव्हा कारखान्याबरोबर त्याची वसाहतही उभी राहिली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली एमआयडीसी, अस्तित्वात आली, पाठोपाठ टेल्को आणि बजाज यांसारखे मोठे वाहन कारखाने आले आणि १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली, तिच्यामागे औद्योगिक कामगारांना परवडणारी घरे आणि भूखंड मिळावेत हाच विचार होता. निगडी-आकुर्डीच्या आखीव पेठा ही त्या विचाराची दृश्य खूण आहे. परंतु कारखाने ज्या वेगाने माणसे बोलावत होते त्या वेगाने आखीव घरे बांधली गेली नाहीत. १९८२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २००१ साली सुमारे १० लाख होती, ती २०११ साली १७ लाखांच्या पुढे गेली. २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकणला सुरू झाल्यानंतर हीच ओढ पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेकडे सरकली.

या माणसांना घरे दिली ती मुख्यतः गावांनी. भोसरी, चिखली, तळवडे, कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी अशा गावांतील शेतकऱ्यांनी जमिनी गेल्यानंतर उरलेल्या जागेत खोल्यांच्या रांगा बांधल्या, आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेल्या कंत्राटी आणि शिकाऊ कामगारांनी त्या भरल्या. या खोल्यांचे सर्वांना पाठ असलेले माप म्हणजे दहा बाय दहा फूट. मेट्रिक मापात ते ९.२९ चौरस मीटर होते, आणि राष्ट्रीय इमारत संहितेने एकखोली घरातील राहण्याच्या खोलीसाठी सुचवलेले किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर आहे. म्हणजे स्वयंपाकघर आणि मोरी यांसाठी संहितेने वेगळी धरलेली जागा बाजूला ठेवली तरी ही खोली किमान मापाहून थोडी लहानच राहते, आणि प्रत्यक्षात ओटा व मोरी तिच्याच पोटात असतात.

शंभर चौरस फुटांची वजाबाकी अशी होते. चार बाय दोनचा ओटा आठ चौरस फूट घेतो, तीन बाय तीनची मोरी नऊ, लोखंडी कपाट साडेचार आणि सहा बाय तीनची खाट अठरा. दार उघडण्यासाठी लागणारे नऊ चौरस फूट मोकळेच ठेवावे लागतात. उरलेल्या जेमतेम पन्नास चौरस फुटांत तीन माणसांची अंथरुणे, प्रत्येकी सहा बाय अडीचची, घातली की पंचेचाळीस चौरस फूट संपतात, आणि रात्री कोणाला बाहेर जायचे झाले तर झोपलेल्याच्या पायावरून जावे लागते. नवरा, बायको आणि दोन मुले एवढ्याच कुटुंबाचा हा हिशेब आहे. गावाहून आजी किंवा भाऊ आला, आणि या पट्ट्यात नोकरी शोधणारा भाऊ वर्षातून एकदा तरी येतोच, तर एक माणूस व्हरांड्यात किंवा गच्चीवर झोपतो.

मराठी घराला अपुऱ्या जागेत राहण्याची सवय नव्हती असे नाही. भिंतीतला कोनाडा आणि फडताळ, वळकटी करून ठेवलेले अंथरूण, जेवणापुरता मांडून नंतर भिंतीला टेकवून ठेवायचा पाट, रिकाम्या वेळी उभी करून ठेवता येणारी बाज, एकावर एक रचलेल्या मडक्यांची उतरंड, ही सगळी एका जागेची अनेक कामे करून घेणारीच व्यवस्था होती. तिचे वैशिष्ट्य असे की तिच्यातील वस्तू हलक्या होत्या आणि एका माणसाला एका हाताने हलवता येत होत्या. आजच्या बहुउपयोगी फर्निचरने हलकेपणाची ही अट बहुतांशी सोडून दिली आहे, आणि त्याचे परिणाम दिवाणाचे झाकण उचलताना जाणवतात.

दोन शीटांचा दिवाण

या पट्ट्यातील सर्वांत यशस्वी बहुउपयोगी वस्तू कोणती, असे विचारले तर उत्तर दिवाण हेच द्यावे लागेल. दिवसा तो बैठक असतो, रात्री पलंग आणि चोवीस तास कोठार. त्याच्या पोटात गोधड्या, जास्तीची भांडी, शाळेची जुनी पुस्तके, कागदपत्रांची पिशवी आणि मराठवाड्यातून आलेल्या अनेक कुटुंबांच्या बाबतीत गावाकडून आणलेली ज्वारी किंवा गहूही असतो. शहरात राहूनही घरच्या शेतातले धान्य खाण्याची पद्धत या कुटुंबांनी टिकवून धरली आहे, आणि ती टिकण्यात दिवाणाचा वाटा आहे.

दिवाण लोकप्रिय होण्याचे एक कारण त्याच्या मापातच आहे. प्लायवूड, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आडव्या-उभ्या तंतूंनी एकमेकांवर चिकटवून दाबलेली फळी, बाजारात आठ बाय चार फुटांच्या शीटमध्ये येते आणि सुतार तिची जाडी अजूनही सुतात बोलतो; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून एकोणीस मिलिमीटरचा प्लाय हा त्याच्या लेखी सहा सुती. अशा एका शीटमधून सहा बाय तीनची फळी कापली की तिच्या बाजूने सहा बाय एकची पट्टी उरते आणि टोकाला दोन बाय चारचा तुकडा राहतो. दोन शीटांतून म्हणजे वरची आणि तळाची अशा दोन मोठ्या फळ्या निघतात, दोन लांब बाजू निघतात, आणि टोकाच्या तुकड्यांमधून दोन आखूड बाजू व आत बसवायचे दोन आडवे पडदे निघतात. एवढे सगळे कापून झाल्यावर एक-एक फुटाचे चार चौकोनी तुकडे तेवढे शिल्लक राहतात. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट खोल आणि खाली चार इंचांचे पाय, हा दिवाण दोन शीटांत इतका चपखल बसतो की त्याचे माप माणसाच्या उंचीने ठरवले की शीटच्या आकाराने, असा प्रश्न पडावा.

आतले दोन पडदे कप्पे पाडण्यासाठी आहेत असे वरवर वाटते, पण त्यांचे मुख्य काम वरच्या फळीला मधोमध आधार देण्याचे आहे. ते वाचवले की काही महिन्यांत फळी पोटाकडे झुकते. झाकणाचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. सहा बाय तीनच्या सहा सुती फळीचे वजन सुमारे वीस किलो भरते आणि तिच्यावरची कापसाची गादी आणखी बारा-पंधरा किलोंची असते. बिजागरीवर उघडणारे झाकण उचलताना हाताला साधारण निम्मे वजन लागते हे धरले, तरी आतली कढई काढण्यासाठी रोज सोळा-सतरा किलो उचलून एका हाताने तोलून धरणे हे बहुधा घरातल्या बाईच्याच वाट्याला येते. जाणता सुतार म्हणून झाकणाचे तीन बाय तीनचे दोन भाग करतो, म्हणजे गादी अर्धी दुमडून एकच भाग उघडता येतो. काही जण झाकणाऐवजी समोरून ओढायचे खण करतात. त्यासाठी दिवाणासमोर तेवढीच मोकळी जागा लागते, आणि दहा बाय दहाच्या खोलीत ती जागा बहुधा शिवणयंत्राने किंवा सिलिंडरने अडवलेली असते.

झाकणाच्या वजनावर दुकानदारांनी काढलेला उपाय म्हणजे हायड्रॉलिक म्हणून विकला जाणारा पलंग. त्यातील दांड्यात प्रत्यक्षात दाबाखाली भरलेला नायट्रोजन वायू आणि थोडे तेल असते. झाकण बंद करताना दांडा आत जातो, वायू आणखी दाबला जातो आणि उघडताना तोच दाब झाकण वर ढकलतो. मोटारीच्या मागच्या दाराला आधार देणारा दांडा याच जातीचा असतो, त्यामुळे या पट्ट्यातील कित्येक कामगार दिवसभर गाडीला जो भाग बसवतात तोच घरच्या पलंगाखालीही असतो. मोटारीत मात्र दाराचे वजन कायमचे ठरलेले असते, तर पलंगावर दुकानातली फोमची हलकी गादी जाऊन घरची कापसाची गादी येते आणि मग तो दांडा वजन पेलत नाही. उलट वजन फारच कमी पडले तर झाकण नीट बंद राहत नाही. शिवाय पलंग बंद असताना दांड्याची सळई खालच्या बाजूला राहील असा तो बसवावा लागतो, कारण तेव्हाच आतले तेल तोंडाच्या रबरी सीलवर राहून वायू टिकवते. उलटा बसवलेला दांडा लवकर मरतो. स्वस्त पलंग घेताना दांडा किती न्यूटनचा आहे, म्हणजे किती बळाने ढकलतो, आणि तो बदलून मिळेल का, हे विचारून घेणे हा केवळ सोयीचा भाग नाही. डोके आत घालून वस्तू शोधणाऱ्या माणसावर झाकण पडू शकते.

पाळी आणि पलंग

पुण्याच्या परिसरात कॉट बेसिस ही राहण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे. यात भाडे खोलीचे नसून एका खाटेचे असते, आणि भाडेकरूचा हक्क त्या सहा बाय तीनवर, तिच्या खालच्या पेटीच्या जागेवर आणि भिंतीतल्या एका खुंटीवर असतो. मुंबईच्या गिरणगावात एका गावच्या माणसांनी मिळून गाळा घ्यायचा आणि पाळीनुसार आळीपाळीने झोपायचे, ही रीत गेल्या शतकात रूढ होती. चाकण-महाळुंगे भागात पाच-सहा तरुण मिळून खोली घेतात तेव्हा तीच रीत नव्या रूपात दिसते. पहिल्या पाळीचा कामगार पहाटे पाचला उठून कंपनीच्या बससाठी निघतो आणि थोड्याच वेळात तिसऱ्या पाळीचा परत येतो. खाट थंड होण्याआधी पुन्हा भरते.

एकट्या तरुणांच्या खोलीत ही व्यवस्था कशीबशी चालते, कारण तिथे खोलीचे काम झोपणे एवढेच असते. कुटुंबाच्या खोलीत तीच अवघड होते, आणि बहुउपयोगी फर्निचरची मर्यादाही इथेच उघडी पडते. सोफा-कम-बेड, भिंतीत मिटणारा पलंग, पलंगाच्या पाठीतून बाहेर येणारे टेबल, या सगळ्यांच्या रचनेमागे एक गृहीत दडलेले असते: घरातील सर्व माणसे एकाच वेळी झोपतात आणि एकाच वेळी जागी असतात. दिवसा सोफा व्हावा म्हणून रात्रीचा पलंग मिटला पाहिजे. पण रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंत त्यावर झोपलेला असेल, तर त्या आठवड्यात सोफा नाहीच, आणि पलंगाच्या पाठीत लपलेले टेबलही नाही. मुलाचा अभ्यास मग ओट्यावर किंवा दाराच्या पायरीवर होतो. दोन कामे करणाऱ्या वस्तूने ती दोन कामे एकाच वेळी केली पाहिजेत, हा या पट्ट्याचा धडा आहे. एक काम थांबवून दुसरे करणारी वस्तू पाळीच्या घरात निम्मीच उपयोगी पडते. दिवाण टिकला तो याच कारणाने, कारण त्याचे कोठार असणे झोपण्याच्या आड येत नाही. निदान आत ठेवलेले काही नेमक्या त्याच वेळी लागले नाही, तर.

जागा एकावर एक रचणारी खाट या दृष्टीने अधिक न्याय्य ठरते, कारण वरचा झोपला तरी खालचा बसून लिहू शकतो. पण तिचे गणित उंचीवर अवलंबून असते. पक्क्या छताची उंची संहितेप्रमाणे २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट, असेल तर खालची खाट सव्वा फुटावर, तिच्यावर बसायला तीन फूट, मग वरच्या खाटेची जाडी आणि पुन्हा बसायला तीन फूट, असा हिशेब पावणेआठ फुटांत बसतो. वरच्या सव्वा फुटात पंखा फिरतो. म्हणून अशा खोलीत छताचा पंखा काढून भिंतीचा लावणे आणि वरच्या खाटेला चारही बाजूंनी कठडा ठेवणे आवश्यक असते. पत्र्याच्या खोलीत मात्र हे सगळेच फसते. एप्रिल-मे महिन्यांत पत्रा दुपारभर तापतो, खोलीतील गरम हवा वरच साचते आणि नेमक्या त्याच वेळी रात्रपाळीचा माणूस पत्र्यापासून तीन फुटांवर झोपण्याचा प्रयत्न करत असतो. ज्याची झोप पुरी झाली नाही त्याला रात्री पुन्हा प्रेस मशीनसमोर उभे राहायचे असते. घरातील खाटेच्या जागेचा संबंध कारखान्यात मशीनखाली सापडू शकणाऱ्या बोटांपर्यंत असा थेट पोहोचतो.

पेट्यांचे लाकूड

या पट्ट्यातील फर्निचरला कच्चा माल पुरवणारा एक झरा खुद्द कारखान्यांमधूनच वाहतो. परदेशातून येणारी यंत्रे आणि सुटे भाग लाकडी पेट्यांत आणि पॅलेटवर, म्हणजे फोर्कलिफ्टने उचलता याव्यात अशा फळ्यांच्या चौकटींवर, बांधून येतात. माल उतरला की ही चौकट कारखान्याला नकोशी होते, आणि भंगार व्यापाऱ्यांमार्फत तिचे पाइनचे लाकूड बाहेर पडते. चिखलीची कुदळवाडी हा अशा मालाचा मोठा बाजार होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने तेथील चार हजारांहून अधिक अनधिकृत शेड आणि गोदामे पाडली. तिथल्या आगींचा आणि प्रदूषणाचा प्रश्न खरा होता, परंतु त्याच शेडमधून कामगारांच्या खोल्यांत जाणारी फळी, स्टूल आणि मांडणीही निघत होती. पेट्यांचे लाकूड अर्थातच थांबले नाही, ते तिथून विखुरले.

या लाकडाची घडण त्याच्या पहिल्या आयुष्याने ठरलेली असते. पॅलेटची लांबी बहुधा १.२ मीटर, म्हणजे सुमारे चार फूट, असल्यामुळे त्याच्या फळीतून सहा फुटी खाटेची लांब बाजू जोडाशिवाय निघत नाही. म्हणून पॅलेटच्या लाकडाची स्टुले, चपला ठेवण्याच्या मांडण्या, भिंतीवरचे घडीचे टेबल अशा चार फुटांच्या आतल्या वस्तू होतात, तर यंत्रांच्या मोठ्या पेट्यांतून निघणारी लांब फळी खाटेसाठी बाजूला काढली जाते. फळी हाती आली की पहिले काम खिळे उपसण्याचे असते, कारण आत मोडून राहिलेला एक खिळा रंधायंत्राचे पाते फोडतो. पाइन वजनाला हलका आणि कापायला मऊ असतो. त्यात गाठी असतात आणि गाठीजवळ राळ झिरपते. दिवाणाची सहा सुती फळी जिथे वीस किलो भरते, तिथे पाइनच्या पट्ट्या अंतर सोडून ठोकलेली खाट एका माणसाला उभी करता येते. जुन्या बाजेचा हलकेपणा या पेटीच्या लाकडाने काही प्रमाणात परत आणला, हे त्याचे मोठे काम आहे.

मात्र घेणाऱ्याने फळीवरचा शिक्का वाचावा. लाकडातून किडी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशा लाकडावर प्रक्रिया करावी लागते आणि तिची खूण फळीवर डागलेली असते. गव्हाच्या लोंबीचे चित्र, देशाची दोन अक्षरे आणि प्रक्रियेचे नाव असा तो शिक्का असतो. एचटी ही अक्षरे असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेले असते आणि ते घरात आणायला हरकत नाही. एमबी असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, आणि ते लाकूड मुलांच्या खाटेला वापरू नये. शिक्क्याइतकेच डागही पाहावेत. ज्या पॅलेटवर तेलाची किंवा रसायनांची पिंपे ठेवलेली होती, त्याची फळी कितीही रंधली तरी खोलवर भिनलेले जात नाही.

अकरा महिने आणि छोटा हत्ती

भाड्याच्या घराचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो, आणि कंत्राटी कामगाराचा कारखाना बदलला की खोलीही बदलते. त्यामुळे इथल्या फर्निचरला आणखी एक माप पाळावे लागते, ते म्हणजे टेम्पोच्या हौद्याचे. २००५ साली टाटा मोटर्सने आणलेला एस हा चारचाकी टेम्पो, ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात, त्याचा हौदा सुमारे सात फूट लांब आणि पाच फुटांहून थोडा अरुंद आहे. सहा बाय तीनचा दिवाण त्यात आडवा ठेवला की शेजारी कपाट उभे राहते, दिवाणाच्या पोटात भांडी जातात, वर गाद्या, आणि एका खेपेत संसार हलतो. पाच बाय सव्वासहाचा डबल बेड मात्र उभा करून दोरीने बांधावा लागतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या खेपेचे भाडे पडते.

वारंवार हलण्याचा परिणाम सामानाच्या सांध्यांवर होतो, आणि तिथे कोणता माल वापरला आहे याला महत्त्व येते. तयार मिळणारी बरीचशी स्वस्त बहुउपयोगी कपाटे आणि टेबले पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेल्या फळीची, असतात. पहिल्यांदा जोडताना ती घट्ट बसतात. पण स्क्रू एकदा काढून पुन्हा त्याच भोकात पिळला की आतला चुरा झडतो आणि पकड जाते. तिसऱ्या खोलीत पोहोचेपर्यंत घडीच्या टेबलाची बिजागरी लोंबू लागते. ओल लागली तर अशी फळी फुगते आणि परत बसत नाही, म्हणून मोरी आत असलेल्या खोलीत ती जमिनीला टेकू देऊ नये. प्लाय घेतानाही दुकानदाराच्या वॉटरप्रूफ या शब्दापेक्षा शीटवरचा भारतीय मानकाचा क्रमांक पाहावा. आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराचा प्लाय असून त्यात ओलाव्याला थोडे तोंड देणारी आणि उकळत्या पाण्याला अधिक तोंड देणारी अशा दोन प्रती येतात, आणि आयएस ७१० हा मरीन प्लाय त्याहून टिकाऊ आणि महाग असतो. मोडण्या-जोडण्याच्या वस्तूला स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि नट लावले, तर कमी प्रतीचा मालही दोन-तीन बदल्या सोसतो. हा सल्ला कारखान्यात काम करणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही, आणि कित्येक जण कंपनीतून सुटल्यावर स्वतःच पाना घेऊन खाटेचे सांधे बदलतात.

भिंतीत मिटणारा पलंग या पट्ट्यात रुजला नाही, त्याचेही कारण भाडेकरारात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम मर्फी यांनी एका खोलीत राहताना असा पलंग प्रचारात आणला. पण तो भिंतीत घट्ट रुतवावा लागतो, आणि इथे घरमालक साधा खिळा ठोकू देत नाही. शिवाय रांगेतल्या खोल्यांच्या मधल्या भिंती कित्येकदा चार इंची असतात, त्यांच्यावर रोज वर-खाली होणारे माणसाएवढे वजन टाकणे धोक्याचे आहे.

मालकीचे तीनशे फूट

ज्यांना स्वतःचे घर मिळाले त्यांचा प्रश्न वेगळा आहे. चिखलीतील घरकुल प्रकल्प किंवा पंतप्रधान आवास योजनेतून चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी आणि रावेत येथे हाती घेतलेले प्रकल्प यांतील घर दोन लहान खोल्यांचे असते. या योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी ३० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट, चटई क्षेत्र धरले होते. इथे भिंत आपली असते, भोके पाडता येतात, आणि कर्ज काढून फर्निचर करण्याचा मोहही होतो. या टप्प्यावर होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे विक्रीसाठी सजवलेल्या नमुना सदनिकेवरून घराची कल्पना करणे. तिथला पलंग टेपने मोजावा. गादीची नेहमीची लांबी सहा ते साडेसहा फूट असते, आणि त्याहून आखूड पलंग ठेवला की खोली मोठी भासते.

घर लहान असले तरी त्यात काम नीट व्हावे हा विचार जगात नवा नाही. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुतज्ज्ञ बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या कामगार वसाहतींसाठी १.९ बाय ३.४ मीटरचे स्वयंपाकघर आखले आणि ते सुमारे दहा हजार घरांत बसवले गेले. भिंतीतून खाली येणारी इस्त्रीची फळी, धान्या-पिठासाठी ठरलेले खण आणि कमीत कमी पावलांत काम उरकावे अशी मांडणी, हे सगळे त्यांनी कारखान्यातील वेळ आणि हालचाल मोजण्याच्या शास्त्रावरून आणि रेल्वेच्या जेवणडब्यातील मुदपाकखान्यावरून घेतले होते. चाकणमधला कामगार फाइव्ह-एस शिकतो, म्हणजे नको ते काढणे, हवे ते ठरल्या जागी ठेवणे, स्वच्छता, त्याचा नियम आणि शिस्त ही जपानी पद्धत, आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पक्कड-पान्यांसाठी खुंट्या मारतो तेव्हा तो नकळत त्याच वाटेने जातो. पण फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघरावर पुढे एक रास्त आक्षेप घेतला गेला: त्यात एकच माणूस उभा राहू शकत होता, आणि ते माणूस बाईच असणार हे ठरून गेले. बहुउपयोगी फर्निचरचेही असेच आहे. सोफा रात्री ओढायचा, सकाळी मिटायचा, गादीची घडी घालायची, टेबल पाडायचे आणि परत उचलायचे, ही कामे विकणाऱ्याच्या चित्रात एका हाताच्या हालचालीत होतात. घरात ती दिवसातून दोनदा, वर्षभर, बहुतेक एकाच व्यक्तीला करावी लागतात, आणि ती व्यक्ती थकली की सोफा कायमचा पलंग होऊन बसतो.

कडप्पा

या साऱ्या वस्तूंमध्ये सर्वांत कमी कौतुक ज्याचे होते तो म्हणजे कडप्पा, आंध्रातून येणारा काळा चुनखडी दगड, ज्याच्या पातळ फरशा महाराष्ट्रातील ओट्यांत आणि भिंतीतल्या मांडण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या जात आहेत. त्याला वाळवी लागत नाही, तो पाण्याने फुगत नाही आणि टेम्पोतून न्यावा लागत नाही. खोल्या बांधणाऱ्या मालकाने दहा फुटी भिंतीवर सात फूट उंचीला दोन फूट रुंदीची फरशी बसवली, तर वीस चौरस फूट साठवणीची जागा मिळते. ती दिवाणाच्या अठरा चौरस फुटांहून जास्त असून जमिनीचा एक इंचही घेत नाही. भिंत बांधतानाच फरशीचे टोक आत दाबले आणि खाली दर तीन फुटांवर उभा तुकडा दिला तर ती धान्याचे पोतेही पेलते. भाडेकरूने आणलेल्या कोणत्याही पेटीपेक्षा ही फळी स्वस्त पडते, कारण तिचा खर्च एकदाच होतो आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ती वापरता येते. काही मालक ती देतात, बरेच देत नाहीत. खोली पाहायला गेलेल्या माणसाने नळाला पाणी किती वाजता येते हे विचारावे, तितक्याच आग्रहाने भिंतीत फरशा किती आहेत हेही विचारले पाहिजे.

आणखी एक फरशी खिडकीखाली अडीच फूट उंचीवर, तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद बसवली, तर ते मुलाचे टेबल होते. ते उघडावे किंवा मिटावे लागत नाही, त्यामुळे बाप खाटेवर झोपलेला असला तरी त्यावर लिहिता येते. अट एवढीच की त्या फरशीवर स्वतंत्र दिव्याचा आणि बटणाचा पॉइंट काढलेला हवा, म्हणजे खोलीतली मोठी ट्यूब लावावी लागत नाही. वायरिंग चालू असताना हा पॉइंट जोडायला वायरमनला थोडाच वेळ लागतो, नंतर मात्र त्यासाठी भिंत फोडावी लागते.